आग्रहाची पुडी

३० मार्च २०२१, मंगळवार

ही डायरी गेल्या वर्षीची आहे. गॅस एजन्सीवाल्याने २०२०च्या जानेवारीत दिली होती, आणि मार्चनंतर तीत लिहिण्यासारखं काही उरलंच नाही. छापलेले वार खोडून मी माझे लिहिणार. कोरी पानं वाया घालवायची नाहीत, आणि आज मला कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये. मला एक कल्पना सुचली आहे.

आधी आहे ते लिहून टाकते. आमचं केटरिंग. विश्रांतवाडीत घर, आळंदी रोडच्या मागच्या गल्लीत भांड्यांचं गोडाऊन. लग्नाला पन्नासच माणसं असा नियम आल्यापासून धंदा बसला. पन्नास माणसांचा मसालेभात आमच्या सगळ्यात छोट्या पातेल्यातही तळाला चिकटून बसतो. बद्रीनाथने (म्हणजे आमचे हे; डायरीत नाव घ्यायला उखाणा लागत नाही) खडकीला घरोघरी किराणा पोचवणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात नोकरी बघून ठेवली आहे. एप्रिलअखेर गोडाऊन रिकामं करायचं आणि सगळी भांडी दत्तोबा नावाच्या व्यापाऱ्याला वजनावर द्यायची, असं ठरलंय. आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आयुष्यभर एकेक करून जमवलेली भांडी.  

तर कल्पना. ज्या पाहुण्यांना लग्नाला येता येत नाही, ते घरी बसून मोबाईलवर लग्न बघतात आणि वरणभात खातात. त्यांच्या घरी आपण लग्नाचं जेवण पाठवायचं. अक्षता पडल्या की गावभर सगळ्यांनी एकदम खोकी उघडायची. घरपोच पंगत! नावसुद्धा मलाच सुचलं.

बद्रीनाथ म्हणाला, "पुण्यात डबेवाल्यांचा तुटवडा पडलाय का?"

मी म्हटलं, डबा वेगळा आणि पंगत वेगळी. फरक काय, ते मात्र मला सांगता आलं नाही.

१ एप्रिल, गुरुवार

एप्रिल फूल नाही. ऑर्डर मिळाली.

धानोरीच्या प्रियदर्शनीचं लग्न, पंचवीस तारखेला, येरवड्याच्या कार्यालयात. मुलगी आयटीत, त्यामुळे मोबाईलवर लग्न दाखवायची सोय तीच करणार. तिची आई फोनवर आधी रडली, मग यादी वाचली, मग म्हणाली, "खोकी चालतील, पण तुमचे आप्पा हवेत. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या सासऱ्यांना जिलब्या वाढल्या होत्या. सासरे नंतर दोन दिवस झोपून होते, पण मरेपर्यंत कौतुक करत होते."

पुण्यात आग्रह ही वस्तू बाहेरून आणावी लागते. आप्पांनी ती परभणीहून आणली. पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, हातात जिलबीचं तबक, असे पंगतीतून निघाले की लोक पानावर आडवे हात धरायचे. आप्पांचा नियम साधा आहे. पाहुणा पहिल्यांदा "नको" म्हणतो ते लाजेने. दुसऱ्यांदा म्हणतो ते रीतीने. तिसऱ्यांदा म्हणाला तरच खरं. तिसऱ्यापर्यंत थांबतो तो वाढपी, बाकीचे हमाल.

मी नाचत जाऊन त्यांना ऑर्डरची बातमी सांगितली. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "डबा पाठवला म्हणजे माणूस जेवला असं होत नाही, सूनबाई." आणि खोलीत जाऊन दार लावलं.

अडेलतट्टूपणा, दुसरं काही नाही. रोज दुपारी आमची जेवणं झाली की आप्पा असं दार लावून फोनवर बोलतात. हळू आवाजात "आज काय केलंय?" एवढं ऐकू येतं. नगरला वन्संच्या घरी काय शिजलं याची रोज चौकशी. आमच्या हातचं कसं झालं ते वर्षात एकदा विचारलेलं नाही. आता माझ्या खोक्यांच्या तक्रारीही तिकडे पोचल्या असतील.

५ एप्रिल, सोमवार

आज चाचणी घेतली. मसालेभात, बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं, पुऱ्या, कोशिंबीर, बाटलीत मठ्ठा, आणि जिलबी. खोकं मकबूलभाईंच्या रिक्षात ठेवून खडकी स्टेशनपर्यंत नेऊन परत आणलं. मकबूलभाई आमच्या चाळीस खुर्च्या आणि दोन आचारी एका फेरीत नेणारे. वर्षभर त्यांची रिक्षाही उभीच आहे. रस्त्यातले सगळे खड्डे त्यांनी मुद्दाम घेतले. फदफदं सांडलं नाही.

जिलबीवर मात्र मी अडले. खोक्यात दोन ठेवल्या तर पाहुणा दोन खाणार आणि मिटलं. पंगतीत कुणी मोजून दोन खातं का? पंगतीत माणूस नको नको म्हणत चार खातो. ते नको नको कुठून आणायचं?

पुऱ्या तळता तळता सुचलं. प्रत्येक खोक्यात एक वेगळी पुडी. बटरपेपरमध्ये बांधलेल्या जादा जिलब्या, वर लाल दोरा आणि चिठ्ठी: आग्रह झाल्याशिवाय उघडू नये.

बद्रीनाथने चिठ्ठी वाचली आणि हसला. खो खो हसला, भिंतीला टेकून. तो शेवटचा कधी असा हसला होता ते मला आठवेना. मकबूलभाई म्हणाले, "वहिनी, ही पाटी पेठेतल्या दुकानात लावली तर दुकान बंद पडेल."

जिलब्या बद्रीनाथने चाखल्या, फर्स्ट क्लास म्हणाला. मला हल्ली गोड जात नाही.

१३ एप्रिल, मंगळवार, पाडवा

गुढी उभारली. श्रीखंड केलं, सगळ्यांना वाढलं. मला फोन चालूच होते, खोकीवाला, बाटल्यावाला, प्रियदर्शनीची आई. मोकळी झाले तेव्हा चार वाजले होते आणि माझ्या ताटावर झाकण होतं. आप्पांना झाकाझाकीची भारी हौस. माझा पसारा दिसला की त्यावर काहीतरी पालथं घालतात. मग मी उभ्याउभ्याच चहा-बिस्किट खाऊन घेतलं.

सासूबाईंशिवायचा पहिला पाडवा. ऑक्टोबरमध्ये त्या कोव्हिड सेंटरला होत्या तेव्हा रोज गेटवर डबा द्यायचे मी. मऊ भात, मुगाचं वरण, एक दिवस शिरा. शेवटी शेवटी आतल्या मावशींनी आप्पांना फोन करून सांगितलं की आजी डबा उघडतच नाहीत. मी मीठ कमी घालून बघितलं, जास्त घालून बघितलं. जाऊ दे. सणाच्या दिवशी हे लिहायचं नव्हतं.

टीव्हीवर सांगतायत की उद्या रात्रीपासून कडक निर्बंध. 

१५ एप्रिल, गुरुवार

लग्नाला आता पंचवीसच माणसं. हॉटेलं बंद, पण घरपोच चालू!

प्रियदर्शनीच्या आईने आणखी पंचवीस माणसं "घरच्या पंगती"त ढकलली. खोकी वाढली. इतर केटरर लोक कपाळाला हात लावून बसलेत आणि मी उड्या मारतेय. दिवसभर रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स जातायत आणि मी दोऱ्याचा रंग निवडतेय. या आनंदाची मला लाज वाटते. पण लाज वाटूनही तो कमी होत नाही, हेही लिहून ठेवते.

बद्रीनाथ आज स्वतःहून गोडाऊनला गेला आणि मोठी कढई घासून आला. वर म्हणतो, "दत्तोबाला द्यायची तर स्वच्छ द्यावी." कढई घासताना शीळ कोण घालतं?

२० एप्रिल, मंगळवार

आग्रहाचा प्रश्न सोडवला!

दोनशे घरं. प्रत्येक घरी आप्पांनी फोन करून तीन वेळा "घ्या" म्हणायचं तर वरातीऐवजी मुलीचं डोहाळजेवण उजाडेल. म्हणून मी ठरवलं, आप्पांचा आग्रह मोबाईलवर रेकॉर्ड करायचा आणि जेवणाच्या वेळी सगळ्यांना एकदम पाठवून द्यायचा.

आप्पा तयार होईनात. म्हणाले, "समोर माणूस नाही, पान नाही. घ्या कुणाला म्हणू?"

मी म्हटलं, "माझ्याकडे बघून म्हणा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.  मग म्हणाले, "घे गं थोडं. काहीच खात नाहीस तू."

काय सुंदर म्हणाले! आवाज असा लागला की माझ्याच अंगावर काटा आला. याला म्हणतात कसलेला वाढपी. पण पाहुण्यांना अरेतुरे कसं चालेल? मी ते पुसलं आणि म्हटलं, "आप्पा, अहोजाहो करा." मग त्यांनी "घ्या हो, अजून एक घ्या, आमच्यासाठी घ्या" असं एका दमात म्हणून टाकलं. जरा कोरडं झालं, पण चालेल. उपरणं झटकून ते खोलीत गेले आणि दार लावलं.

२४ एप्रिल, शनिवार

परवा नवा नियम आला, लग्न दोन तासांत उरकायचं. उरकू दे. आमची पंगत कार्यालयात नाहीच मुळी.

आज गोडाऊनचं शटर पूर्ण वर गेलं. आचारी आले, भट्ट्या पेटल्या, चारही मोठी पातेली चढली. वर्षभर पालथी पडलेली भांडी सरळ झाली. मसालेभाताचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि समोरच्या इस्त्रीवाल्याने विचारलं, "कुणाचं लग्न?" मी म्हटलं, "आमचंच समजा."

दत्तोबाचा फोन आला. सोमवारी सकाळी टेम्पो घेऊन येतो म्हणाला. बद्रीनाथ "बरं" म्हणाला. नाही म्हणाला नाही. उद्यावर सगळं आहे.

२५ एप्रिल, रविवार

घाईत लिहितेय, अक्षर लागलं तर लागलं.

सकाळी सगळं झकास. मकबूलभाई आणि त्यांचे तीन रिक्षावाले दोस्त पास लावून निघाले. येरवडा, कळस, धानोरी, खडकीची फॅक्टरी क्वार्टर्स, सगळीकडे खोकी वेळेत पोचली. प्रियदर्शनी मोबाईलवर काय छान दिसत होती. मास्क फक्त हार घालताना काढला. शेवटचं "सावधान" झालं, कार्यालयातल्या पंचवीस जणांनी अक्षता टाकल्या, आणि मी आप्पांचा आग्रह सगळ्यांना एकदम पाठवला. आता सगळीकडे पुड्या सुटतायत, असं मनात आणून मी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मग फोन सुरू झाले.

पहिला फोन कळसच्या एका काकांचा. "तुमचा निरोप ऐकला. आम्ही नको म्हटलं."

"मग?"

"मग काय, पुढे कुणी काही म्हणालंच नाही. पुडी परत पाठवायची का?"

मला वाटलं चेष्टा आहे. पण दुसरा फोन तसाच, तिसरा तसाच. एका बाईंनी तर निरोप परत लावून बघितला, तर पुन्हा तेच आणि तेवढंच. त्या म्हणाल्या, "दोनदा एकच वाक्य म्हणजे आग्रह नाही हो, रेल्वेची उद्घोषणा झाली." चांगली शिकलेली माणसं खोकं रिकामं करून पुडीकडे बघत बसली होती. नुसत्या निरोपावर दोरा सोडायचा म्हणजे हावरेपणा, तो कोण करणार! प्रियदर्शनीच्या आईचा फोन आला. आवाज चढलेला. "खडकीच्या आत्याबाई एकट्या असतात. त्या म्हणतायत, बोलावून उपाशी उठवलं. माझ्या मुलीच्या लग्नात असं बोलणं लागायला नको होतं."

 सगळं मुसळ केरात, आणि केर माझ्याच हातचा. मी घाईघाईने सगळ्यांना लिहायला घेतलं: "कृपया पुडी उघडावी."

आप्पांनी माझ्या हातातून मोबाईल काढून घेतला. "लेखी आग्रह करतं का कुणी?" म्हणाले.

खोलीत गेले. बाहेर आले ते टोपी घालून, उपरणं घेऊन. बद्रीनाथला म्हणाले, "तबक आण." बद्रीनाथने तबकात जिलब्या रचून आणल्या. आप्पांनी मोबाईल डब्यांच्या उतरंडीला टेकवला, ताठ बसले आणि खडकीच्या आत्याबाईंना व्हिडिओवर फोन लावला. नंबर त्यांनी यादीत बघितला नाही. त्यांना तो पाठ होता.

"आत्याबाई, पान रिकामं दिसतंय."

"नको हो आप्पा. झालं माझं."

"असं कसं झालं? अर्धी घ्या. तबक हातात आहे, न वाढता पुढे जाववत नाही मला."

"नको, खरंच नको. साखर वाढलीय."

"साखर डॉक्टर बघेल. मी तुमचं पान बघतोय. भाचीचं लग्न आहे, तिच्या नावाने एक."

त्या हसल्या आणि दोरा सोडायला लागल्या. सोडता सोडता म्हणाल्या, "आज दुपारचा तुमचा फोन आला नाही, म्हटलं मला विसरलात. रोज तुम्ही आम्हा एकट्यादुकट्यांना विचारता, तेव्हा मी पान वाढून घेते. नाहीतर एकटीसाठी कोण कुकर लावतं?"

मी मागे परात धरून उभी होते. म्हणजे ते फोन वन्संना नव्हतेच. आप्पा रोज दार लावून आमच्या जुन्या गिऱ्हाइकांतल्या एकट्यादुकट्यांना जेवलात का म्हणून विचारत होते, आणि मी या डायरीत त्यांच्यावर ताशेरे मारत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण लाजत बसायला वेळ कुठे होता? याद्या वाटून घेतल्या. एका मोबाईलवर आप्पा, एकावर बद्रीनाथ, एकावर मी. बद्रीनाथला आग्रह येत नाही, तो धमकी दिल्यासारखं "घ्या" म्हणतो, पण तिसऱ्या-चौथ्या घरानंतर तोही रंगला. ज्यांना व्हिडिओ जमत नव्हता त्यांच्याकडे मकबूलभाई पुन्हा गेले. क्वार्टर्सच्या खाली रिक्षा लावून, हॉर्न वाजवून, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे बघत ओरडत होते, "घ्या हो काका, शरमू नका, लग्नाचं आहे!" शेजारच्या गॅलरीतल्या माणसाने विचारलं म्हणे, "आम्हाला कधी?"

काही घरी जिलबी नुसतं निमित्त होतं. कळसच्या काकांनी दोनदा नको म्हटलं आणि मग मला सांगितलं की गेल्या महिन्यात बायको गेली, खोकं दोघांच्या नावाचं आलं.  मी म्हटलं, "काका, मग दोघांची घ्या." ते म्हणाले, बरं. आणि मोबाईलसमोर बसून त्यांनी खरंच सगळी पुडी संपवली. मी फोन ठेवला नाही.

दिवेलागणीपर्यंत पंगत चालली. आप्पांचा घसा बसला, पण एक घर सोडलं नाही. प्रियदर्शनीच्या आईने शेवटी फोन केला आणि नुसती रडली, या वेळी चांगल्या अर्थाने. मग नवऱ्यामुलाच्या मावशीचा फोन, त्यांच्याकडे पुढच्या आठवड्यात साखरपुडा आहे. मग एका बारशाची चौकशी. तिथेही पहिला प्रश्न तोच, "आग्रह करणारे तेच असतील ना?"

डबा आणि पंगत यांतला फरक मला आता सांगता येईल.

२६ एप्रिल, सोमवार

दत्तोबा टेम्पो घेऊन सकाळीच हजर. बद्रीनाथ गोडाऊनच्या दारात उभा, मागे घासलेली भांडी. मी आणि आप्पा जरा बाजूला उभे.

"उचलायची ना?" दत्तोबाने विचारलं.

"नको," बद्रीनाथ म्हणाला.

"अहो, भाव वाढवून देतो."

"नको."

"पुढे पुन्हा बंद झालं सगळं, तर मग कोण घेणार?"

बद्रीनाथने एकदा आप्पांकडे बघितलं आणि म्हणाला, "नको."

आप्पा म्हणाले, "दत्तोबा, तिसऱ्यांदा म्हणाला. आता त्याचं पोट भरलेलं आहे." आणि त्याला उरलेलं एक खोकं दिलं. टेम्पो रिकामाच गेला. मी गल्लीत उभी राहून रडले, मास्क होता म्हणून बरं.

नोकरीचा विचार बद्रीनाथने अजून सोडलेला नाही. दोन्ही करून बघतो म्हणाला. शहाणाच आहे तो, एका साखरपुड्यावर घर चालत नाही. पण कढई आमची आहे.

हे सगळं दुपारी लिहीत बसले होते. समोर साखरपुड्याचं सामान काढायला घेतलेलं, माझं ताट नेहमीप्रमाणे झाकलेलं. मोबाईल वाजला. बघते तर आप्पांचा व्हिडिओ. पलीकडच्या खोलीतून.

टोपी घातलेली, उपरणं खांद्यावर, हातात पुडी, लाल दोऱ्याची. "सूनबाई," बसलेल्या घशाने म्हणाले, "सगळी पंगत उठली. एक पान राहिलंय."

मी म्हटलं, "नको आप्पा. नंतर घेते, काम पडलंय."

"काम कुठे जात नाही. तुझी सासू होती तेव्हा तुला हाताला धरून बसवायची. मला ते येत नाही. मला एवढंच येतं. घे थोडं."

मी म्हटलं, "नको, आप्पा. गोड जात नाही मला, ऑक्टोबरपासून."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तिने डबा उघडला नाही, त्यात तुझ्या मिठाचा काही दोष नव्हता. आत कुणी घे म्हणणारं नव्हतं, एवढंच." मग उठले. मोबाईलमध्ये नुसती भिंत दिसायला लागली, आणि ते पुडी घेऊन माझ्या दारात येऊन उभे राहिले. "घे गं. एक घे. आमच्यासाठी घे."

मी ताटावरचं झाकण काढलं. तिसऱ्यांदा मला नको म्हणता आलं नाही.